न धुतलेली साल

सोनीबाई कुरखेड्याकडच्या जंगलगावातली. धान रोवण्यात आणि मोहफुलं वेचण्यात तिची साठ वर्षं गेली. विळा लागून जखम चिघळली की गावातल्या बाया तिच्याकडे यायच्या. ती एका झाडाची साल बांधायची. झाडाचं नाव मी लिहिणार नाही, तसा तिला शब्द दिलाय.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात झाडपाल्यातून नवी प्रतिजैविकं शोधते. जंतू स्वतःभोवती भिंत बांधून जगतात. ती भिंत बांधूच न देणारं काहीतरी मला हवं होतं. सोनीबाईची साल दोनदा तपासली, दोन्ही वेळा काहीच नाही. साल पाठवणाऱ्या गावच्या आशाताईला फोनवर तसं सांगून मोकळी झाले. माझं काय गेलं? तिकडे बाई खोटी ठरली. बायांनी तिच्याकडे जाणंच सोडलं.

आठवड्याभरात ती एसटीनं थेट प्रयोगशाळेत हजर. "तुमी कसं करून राह्यल्या, मले दाखवा."

मला रागच आला. तरी दाखवलं. सालीचा तुकडा घेतला, स्पिरिटनं स्वच्छ धुतला.

"धुतलं काऊन?" ती ओरडलीच.

"घाण नको जायला?"

"घाण? अवो मॅडम, तेच तं औषध हाये!"

तिनं पिशवीतून ओल्या पळसपानांचं पुडकं काढलं. आत तीन दिवस दाबून ठेवलेली साल, तिच्यावर पांढरी बुरशी. अशी बुरशी दिसली की आम्ही नमुना फेकून देतो. तिची सासू नेमकी तीच जखमेवर बांधायची.

त्या बुरशीचा अर्क जंतूंच्या बशीत टाकला. सोनीबाई माझ्याच घरी राहिली. सकाळी पाहते तर अर्काभोवती रुपयाएवढी जागा लख्ख, एकही जंतू नाही. मग ताज्या जंतूंवर थेंब टाकून मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि मी हादरलेच. जंतू वाढायला जात होते, भिंत होत नव्हती, फुगून एकेक फुटत होता. पंधरा वर्षं शिकवते आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

मग सोनीबाईनं पाहिलं. जंतूंची भिंत कशी होत नाही, ते मी तिला सांगत गेले.

"कूड घालूच देत नाई त्यायले," ती हळूच म्हणाली. "माह्या सासूले हे दिसाले पायजे होतं."

डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "मॅडम, बाकी गावच्या लोकायनं देल्ल्या साली बी तुमी धुतल्या काय?"

तीन वर्षांत चारशे बारा नमुने निकामी ठरवून फेकले होते.

"हो," मी म्हटलं. "सगळ्या."