सुरयांचं बेट आणि मामू

मामू बेटावर कधीही उतरत नसत. उन्हाळा सरत आला की नाथसागराचं पाणी ओसरतं, बेटं उघडी पडतात आणि नदी सुरय, पिवळ्या चोचीचे ते राखाडी पक्षी, तिथल्या तापलेल्या रेतीवरच अंडी घालतात. मामू आपली कयाक लांबच थांबवून दुर्बिणीतून बघत बसत. पाय आखडत, पाठ भाजून निघे. पण जमिनीला पाय लावायचा नाही.

शहागंजातलं चष्म्याचं दुकान त्यांनी मुलाच्या हवाली केलं होतं. सगळ्यांचे मामू, तसे माझेही. माझं वल्हं जोरात आपटलं की म्हणायचे, "मियाँ, कपडे धुवायलास का? पक्षी उठला तर अंडं उन्हात शिजतंय."

"सॉरी, मामू."

"मला नको म्हणू, त्यांना म्हण."

जेवणाचा डबासुद्धा पाण्यावरच उघडायचा. माझ्या डब्यातला ठेचा चाखून ते डोळे पुसत. "भाभीचा राग तुझ्यावर, अन् सजा मला कशाला?"

गेल्या मेअखेरीस पाणी इतकं खाली गेलं की बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडला. आम्ही पोचलो तेव्हा त्यावरून कुत्री बेटावर चढत होती.

"मामू, उतरू या."

"उतरलो तर सगळे उठतील."

"नाही उतरलो तर कुत्री खातील!"

मी अक्षरशः ओरडलो होतो. मामूंनी कयाक बेटाला लावली. मग उतरले आणि वल्हं उगारून, त्या वयात, धावत सुटले. मीही धावलो. एका टोकाकडून हाकललेली कुत्री दुसऱ्या टोकाला जात. ती चिखल तुडवत परत फिरली तेव्हा भर दुपार झाली होती. वर सगळा थवा कल्ला करत फिरत होता आणि खाली अंडी उन्हात उघडी होती. कुत्र्यांनी काही खाल्ली असती; आम्ही सगळी घालवली. उतरायला लावणारा मी होतो. मामू मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच मला सोसत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. ती त्यांची शेवटची फेरी. त्याच पावसाळ्यात मामू वारले. त्या दिवशी बेट ओस पडलं होतं. एकच मादी उरली होती. ती पाण्यावर यायची, पोट भिजवायची आणि परत जाऊन अंड्यावर बसायची, ते गार राहावं म्हणून. ती उठली की अंड्याला गेलेला तडा दुर्बिणीतून स्पष्ट दिसे.

"चला मामू, काही उरलं नाही."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. "मला कळतंय रे," म्हणाले, "तिला कोण सांगणार?"