एक का दोन्ही?

माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पोटऱ्यांकडे बघून बोलणारा गृहस्थ अख्ख्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि त्याच्याच घरात भाड्याने राहण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता. पंच्याऐंशीच्या सुमारास माझी बदली जळगावहून धुळ्याला झाली. खोली बघायला गेलो तर घरमालक ओट्यावर उभे. धिप्पाड देह, कुस्तीने मुडपलेले कान, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. मला वाटलं, आता नाव विचारतील, गाव विचारतील, निदान आडनावावरून सोयरीक तरी काढतील. त्यांनी माझ्या पँटच्या पायांकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "पाय दुखतस का?" मी बसमध्ये उभ्याने आलो होतो. "हो, थोडे," म्हणालो. लगेच दुसरा प्रश्न आला, "एक का दोन्ही?" दोन्ही म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "मंग काही नही. या, खोली देखी ल्या." गल्ली त्यांना आबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. पोरंटोरं मात्र पाठीमागे 'एक-का-दोन्ही' असंच म्हणायची, आणि आबांना ते ठाऊक असूनही राग येत नसे. उलट पोरांच्या तोंडी प्रश्न बसतोय याचं त्यांना समाधानच वाटत असावं.

बसलेला माणूस आबांना बघवत नसे. कुणी मांडी घालून निवांत बसलाय असं दिसलं की यांच्या जिवाची तगमग सुरू. सत्यनारायणाच्या पूजेत प्रत्येक अध्याय संपला की यजमानांना उठवून अंगणात फिरवून आणावं, असा त्यांनी भटजींकडे हट्ट धरला होता. शास्त्रात तसं नाही, असं भटजी म्हणाले, तर आबा म्हणाले, "शास्त्र लिहिनाराना पाय सुजेल नसतीन." उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर उडदाचे पापड लाटायला बसत. त्यांची पोळपाट-लाटणी जरा लयीत आली की जिन्यात खाकरल्याचा आवाज यायचा. "चला माय, उठा बठ्ठ्या, सगळ्या उठा. एक चक्कर मारा." माझी बायको म्हणायची, "आबा, पीठ वाळतंय हो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पीठ वाळनं तं पानी लावता येस. मानूस गया तं काय लावशी?" बायका पुटपुटत उठायच्या, पदर खोचून गच्चीला फेरी घालायच्या. एका फेरीत कुणाचा तरी पाय वाळत घातलेल्या पापडांवर पडला, आणि त्या वर्षी आम्ही पाहुण्यांना टाचेचे ठसे उमटलेले पापड तळून वाढले.

शनिवारी मी आईकडे जळगावला जायचो. बऱ्याचदा आबाही त्याच गाडीने निघायचे, त्यांना पुढे भुसावळला जायचं असे. त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे निम्मा रस्ता पायी जाण्यासारखंच होतं. पारोळ्याला गाडी थांबली की हे उठून उभे राहत आणि साऱ्या गाडीला हुकूम सोडत, "उतरा भाऊ, दोन पावलं चाला. लांबना पल्ला शे." झोपलेल्या माणसाला ते हाताने हलवत नसत, छत्रीच्या टोकाने टोचत. जळगावच्या एका गलेलठ्ठ व्यापाऱ्याला त्यांनी असं जागं केलं, तेव्हा तो गडी गाडीला आग लागली समजून चपला टाकून खाली धावला. कंडक्टर मंडळींनी आबांपुढे केव्हाच हात टेकले होते. त्यांच्यापैकी एकाने मात्र एकदा सूड उगवला. सगळे उतारू चालून परत चढले, आबा कुणी राहिलं तर नाही ना हे बघत खालीच उभे होते, आणि याने घंटी मारली. मी ओरडेपर्यंत गाडी स्टँडबाहेर. मागच्या काचेतून पाहिलं तर आबा हात पाठीमागे बांधून रस्त्याने शांतपणे चालत येत होते. धावत नव्हते, हाका मारत नव्हते. नाहीतरी पाय मोकळे होतच होते.

भुसावळला ते कशाला जातात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ना तिथे त्यांचं शेत, ना पाहुणे. एकदा मी सहज सोबत गेलो, तर हे एका दवाखान्यात शिरले आणि पायाला प्लास्टर घातलेल्या एका अनोळखी माणसाच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिले. "बोटं हलाव, बेटा. हलाव. हां." मग दुसऱ्या खाटेपाशी. "पलस्तर निंघनं आन् एकच पोटरी सुजनी तं चोळू नको. डॉक्टरले दखाड." नर्सने हटकलं की बाहेर यायचे आणि तिची पाठ वळली की पुन्हा आत. काही पेशंट हसायचे, काही बोटं हलवायचे. एका म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखाली नव्हताच, त्यालाही यांनी "दुसरा हलाव," म्हणून सोडलं नाही.

एवढं करून भागेना, म्हणून त्यांनी आपल्या घराच्या भिंतीवर पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला. 'एक पाय सुजला, दुखला, गरम लागला तर चोळू नका. डॉक्टरला दाखवा.' पेंटर हौशी होता. त्याने मजकुराशेजारी एक झकास गोरापान पाय काढला. झालं भलतंच. पायाचं चित्र बघून लोकांना वाटलं, इथे हाडवैद्य बसतो. लचकलेले, मुरगळलेले, निखळलेले असे नाना तऱ्हेचे पाय बैलगाड्यांतून आमच्या दारात यायला लागले. दुसरा प्रयोग गणपतीतला. मंडळाची आरास आबांच्या ओट्यावर असायची, त्यामुळे पोरांना त्यांचं ऐकणं भाग होतं. कागदाच्या लगद्याचा पुरुषभर उंचीचा पाय केला, आत लाल दिवा, पोटरीत काळी गाठ, ती दोऱ्याने वर छातीकडे सरकणार. पहिल्याच संध्याकाळी दोरा तुटला आणि नुसता पाय उरला. लोक रांगेने आले, त्यांनी त्या पायावर हळदकुंकू वाहिलं, हात लावून डोळ्यांना लावला, एका आजीने तर नारळ फोडला. आबा बाजूला उभे राहून जिवाच्या आकांताने ओरडत होते, "हात नका लावू! चोळू नका!" लोकांना वाटलं, देव सोवळ्यातला आहे. ते लांबून नमस्कार करू लागले.

त्या बोर्डाच्या दिवसांतच मला आबांच्या पाठीमागे बांधलेल्या हातांची गोष्ट कळली. सोनगीरचा एक शेतकरी लंगडत आला आणि बोर्डाकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "आबा, तुमनाच हात पाहिजे. मागे मना भाऊना पाय तुम्हीच बसाडा व्हता." आबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते घरात गेले आणि कडी लावली. तो बिचारा ओट्यावर ताटकळला. शेवटी अक्कांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं, आणि तो गेल्यावर आमच्या दारात बसून माझ्या बायकोला आणि मला सगळं सांगितलं.

एके काळी आबांचा हात म्हणजे धुळ्यातलं औषधच होतं. तालमीतले पहिलवान, मार्केट यार्डातले हमाल, पाठ धरलेले मास्तर, सगळे यांच्याकडे. पैसा घ्यायचे नाहीत, पण हाताचा अभिमान मोठा. मुलगा एकुलता एक. भुसावळला नोकरीला होता. तिथे लूनावरून पडला, पाय मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये खाटेवर होता. प्लास्टर काढल्यावर आबाच त्याला बसने घेऊन आले. भुसावळ ते धुळे पोरगा पाय खाली सोडून बसून होता, पारोळ्याला देखील उतरला नाही. घरी आला तेव्हा पोटरी टम्म फुगलेली. एवढे दिवस बांधलेला पाय, धरणारच, असं सगळ्यांनाच वाटलं. आणि आबा घरात असताना चोळायला दुसरा कोण येणार? ओवा घालून तेल कोमट केलं आणि चोळायला बसले. पोरगा म्हणाला, "आबा, दुखस." आबा म्हणाले, "दुखी तवयच मोकळा व्हई." दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात दात घासत होता. एकाएकी दम लागला म्हणाला, पायरीवर बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली. असा पाय चोळायचा नसतो. पण चोळला नसता तरी सुटली नसती असंही सांगता येत नाही, हेही ते म्हणाले होते. "यासनी अर्धंच आयकं," अक्का म्हणाल्या. "त्या दिनपासून यासना हात कोनाले लागा नही. माले बी नही."

अक्कांचे गुडघे कुरकुरायचे, संध्याकाळ झाली की त्यांना पाय हलवणं जड जायचं. माझी बायको तेलाची वाटी घेऊन त्यांच्याकडे जायची, आणि ती आत गेली की आबा बाहेर यायचे. ज्या माणसाने साऱ्या धुळ्याला 'एक का दोन्ही' विचारलं, त्याने घरात हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. अक्का थट्टेने म्हणायच्या, "मराना आगोदर एकदा तरी यासना हात मना पायले लागो, मंग मी सुखाखाल जासू." आम्ही हसायचो. पण त्या थट्टा करत नव्हत्या, हे आम्हालाही कळत होतं आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या आबांनाही.

एकदा मात्र आबांचा शब्द खरा ठरला. समोर शिलाईचं दुकान चालवणारे चाचा राहत. त्यांची सून बाळंत होऊन घरी आली होती आणि पाय दुखतो म्हणत होती. चाचींनी तेल गरम करायला ठेवलं होतं. आबा पडद्याबाहेरून ओरडले, "एक का दोन्ही?" चाची म्हणाल्या, "एकही है, आबा. जच्चा के पाँव तो सूजतेच हैं." मग जो गोंधळ झाला तो सगळ्या गल्लीने पाहिला. बाळंतिणीच्या खोलीत जाता येईना म्हणून आबांनी दाराशीच ठाण मांडलं, चुलीवरची तेलाची कढई खाली उतरवायला लावली, रिक्षा आणवली, चाचांना शिव्या घातल्या, हात जोडले. शेवटी पोरीला दवाखान्यात नेलं. गुठळीच होती. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, उपचार केले, आणि पोरगी बाळाला घेऊन धडधाकट घरी आली. चाचा पेढ्यांचा पुडा घेऊन आले, आबांच्या गळ्यात पडले. आम्हाला वाटलं, आता तरी या माणसाच्या मनावरचा दगड उतरेल. चाचा गेल्यावर आबा पायरीवर बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पेढा तसाच पुड्यात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं सोपं व्हतं, भाऊ. एक का दोन्ही, एवढंच इचारनं व्हतं. मना पोरले काबर कोनी इचारं नही?" मग स्वतःच म्हणाले, "इचारनारा मीच व्हतू." ज्या माणसाला मी इतकी वर्षं हसत आलो, त्याच्यासाठी मला त्या दिवशी रडू आलं.

पुढे माझी बदली परत जळगावला झाली. आबांची पत्रं येत, त्यात खुशाली कमी आणि पायांची चौकशी जास्त. चार-पाच वर्षांनी, हिवाळ्यात, आम्ही दोघं धुळ्याला गेलो. भिंतीवरचा बोर्ड उन्हाने उडाला होता, गोरा पाय करड्या रंगाचा झाला होता. अक्का खाटेवर होत्या. डॉक्टर येऊन नीट तपासून गेले होते. गुठळीबिठळी काही नाही, वयाचा वात आहे, शेकत जा, चोळत जा, असं सांगून गेले होते. माझ्या बायकोने सवयीने कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली. आबा सवयीने बाहेर जायला उठले.

"आबा," अक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला सगळ्यांसारखं आबा म्हणून हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "बठ्ठा गावले इचारं तुम्ही. माले काबर इचारतस नही?"

आबा दारात थांबले. बराच वेळ त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि पाठीवरचे ते हात एकमेकांना आवळत होते. मग ते वळले. खाटेवरच्या पायांकडे बघून म्हणाले, "एक का दोन्ही?"

"दोन्ही," अक्का म्हणाल्या. "दोन्ही दुखतस."

माझ्या बायकोने वाटी खाटेजवळ ठेवली आणि ती बाजूला झाली. आबा खाटेच्या पायथ्याशी बसले. अक्कांचे वाळलेले पाय त्यांनी मांडीवर घेतले, तेलात बोटं बुडवली आणि नुसते हात ठेवून राहिले. त्या रुंद पंजांवरून तेल चादरीवर ओघळत होतं. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

"चोळा, जोरमा चोळा," त्या म्हणाल्या. "मी काय कोठे जात नही."

मी उठलो आणि पाय मोकळे करायच्या निमित्ताने अंगणात गेलो.