रेघेची उरलेली उचल

आमच्या लॅबमधल्या गाठकाकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना गाठकाकाच म्हणत, कारण रेशमी धाग्याची त्यांच्यासारखी गाठ दुसऱ्या कोणाला जमत नसे. ऑपरेशनच्या वेळी, रुग्णाची सही घेऊन, मूत्राशयाच्या भिंतीचा नखाएवढा तुकडा आमच्याकडे यायचा. काका त्याची पट्टी कापायचे, दोन्ही टोकांना गाठ मारायचे आणि कोमट क्षारपाण्याच्या काचेच्या भांड्यात ती उभी टांगायचे. मग विजेचा बारीक झटका दिला की पट्टीतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून रसायन सुटायचं, स्नायू आखडायचा आणि पडद्यावरची रेघ वर जायची. "निरोप आला की पिशवी आवळते," एवढंच काका सांगायचे, आणि माझ्या तासाभराच्या व्याख्यानात याहून फारसं काही नसायचं.

मी तिथे रुजू झाले तेव्हा पदवी नवीकोरी होती आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. पुस्तकात लिहिलं होतं की मूत्राशयाला आवळायचा निरोप देतं ते ॲसिटिलकोलीन. ॲट्रोपीन टाकलं की त्याची वाट बंद होते आणि रेघ आडवी पडते. आमची रेघ मात्र पुरती पडेना. दर झटक्याला थोडी उचल उरायचीच.

ॲट्रोपीनचं द्रावण काका बनवायचे, आणि हल्ली बनवता बनवता मध्येच उठून बाहेर जायचे, तासाला दोनदा तरी. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मी मनाशी ठरवूनच टाकलं: म्हातारा विड्या ओढायला जातो, परत येऊन कुठवर आलो होतो ते विसरतो आणि दशांशाचं एक शून्य चुकवतो.

"काका, द्रावण पातळ होतंय. कुठेतरी शून्य चुकतंय."

"नाही हो मॅडम. तीनदा मोजतो मी."

"मग सारखे उठून कुठे जाता?"

काका कानापर्यंत लाल झाले आणि भांडं पुसायला लागले. मला वाटलं, चोर सापडला. मी विभागप्रमुखांना लिहून दिलं की यांची द्रावणं भरवशाची नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तीस वर्षं पट्ट्या बांधणारा माणूस काचसामान धुवायला लागला. वर्षभरात पुन्हा टेबलाशी बसायला मिळालं नाही तर हाच शिक्का घेऊन घरी जायचं, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, हे सांगायची आज लाज वाटते.

मग द्रावण मी स्वतः बनवलं. उचल उरली. नवी बाटली फोडली, तरी उरली. प्रमाण दहापट वाढवलं, उरलीच. वर माझ्या गाठी सुटून दोन पट्ट्या भांड्याच्या तळाशी गेल्या, ते वेगळंच.

शेवटी नाक मुठीत धरून मी धुण्याच्या खोलीत गेले. काका हात पुसत म्हणाले, "उरतंच ते, मॅडम. पण सगळ्यांच्यात नाही. तरण्या माणसाची पट्टी गुमान पडून राहते. प्रोस्टेटवाल्या म्हाताऱ्यांच्या पट्टीत उरतं. किती वर्षं बघतोय मी."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही शून्याचं विचारलंत. पट्टी कोणाची, ते कुठे विचारलंत?" मग नळ बंद करून त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मी बाहेर जातो ना, ते... मलाही तेच आहे. बायामाणसांसमोर काय सांगायचं? डॉक्टरांची गोळी घेतो, तुमच्या ॲट्रोपीनच्याच घराण्यातली. तोंड कोरडं पडतं, पण धावपळ काही सुटत नाही."

जन्मभर लोकांच्या मूत्राशयांवर काम केलेला माणूस स्वतःच्या मूत्राशयापायी लाजून अर्धमेला झाला होता आणि मी त्याला शिक्षा दिली होती. मी तडक विभागप्रमुखांकडे गेले, चूक माझी होती असं लेखी दिलं आणि काकांना टेबलाशी आणून बसवलं.

पुढचं सोपं होतं. मज्जातंतू आणखी एक रसायन सोडतात, एटीपी. वाढलेल्या प्रोस्टेटने अडलेल्या, थकलेल्या मूत्राशयात त्याचा जोर वाढतो. हे इतरांनी कधीच लिहून ठेवलं होतं. मीच पुढचं पान उलटलं नव्हतं. एटीपीची वाटही बंद केली तेव्हा रेघ आडवी पडली. "पुढचं दार लावलंत, मागचं उघडंच होतं की," काका म्हणाले.

निवृत्तीला चार महिने उरले असताना काकांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं. संमतीपत्र भरायला ते स्वतःचं पेन घेऊन आले. "इतक्यांच्या पट्ट्या टांगल्या, आता माझीही टांगा."

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मी भेटायला गेले. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती आणि काका ती चादरीने झाकत नव्हते, ते पाहून बरं वाटलं. मी त्यांच्या पट्टीच्या रेघेचा छापील कागद पुढे धरला. ॲट्रोपीननंतर रेघ खाली आली होती आणि दर झटक्याला उचल उरली होती. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक उचलीवरून बोट फिरवलं.

"द्रावण कोणी बनवलं?"

"मी."

"शून्य नीट मोजलंत ना?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "तीनदा मोजलं, काका."

"आणि गाठ?"

"दोनदा सुटली."

काका पोटावरचे टाके दाबून धरत हसले. "बरा होऊन येतो," ते म्हणाले. "तोवर दोऱ्याला हात लावू नका."