उसना न्यूट्रल

वायरमनला सगळे टेस्टर म्हणत. लोकांच्या खिशाला पेन असतं तसा त्याच्या खिशाला टेस्टर असे, आणि कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा येईपर्यंत त्यांच्या एखाद्या प्लगमध्ये तो खुपसून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सहासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला आणि धंदा बंद झाला. टेस्टर मात्र खिशातच राहिला.

त्या वर्षी सुनेला सातवा महिना लागला आणि तिने घराची झडती घ्यायला सुरुवात केली. विजेच्या वस्तूंभोवती, तारांभोवती एक न दिसणारं क्षेत्र तयार होतं आणि ते बाळाला बरं नाही, असं ऑफिसातल्या कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. तिने मुठीत मावेल एवढं एक मोजयंत्र मागवलं. मायक्रोवेव्हपाशी ते किंचाळलं, फ्रिजपाशी नुसतं कुरकुरलं. नवऱ्याच्या फोनला उशाशी जागा राहिली नाही.

"अगं, चाळीस वर्षं मी विजेच्या मांडीवर बसून जेवलोय," टेस्टर म्हणाला. "मला काय धाड भरली?"

"मोठ्यांचं नाही हो बाबा, लहान मुलांचं म्हणतात. म्हणजे सिद्ध काहीच झालेलं नाही. पण काही अभ्यासांत, जिथे आकडा बराच जास्त होता तिथल्या मुलांमध्ये रक्ताचा..." आणि तिने जीभ चावली.

ती का चावली हे घरात सगळ्यांना कळलं. टेस्टरची धाकटी मुलगी आठ वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. एका जागी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. त्याला आता तीस वर्षं झाली होती. बाळासाठी जी खोली रंगवायला काढली होती, ती तिचीच.

भिंगरीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा तिची परीक्षा चालू होती. आईने घरातल्याच गोळ्या दिल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि पेपर बुडू दिला नाही. आठ दिवसांनी डॉक्टरकडे नेलं. या आठ दिवसांनी काहीही फरक पडला नसता, असं मोठ्या डॉक्टरांनी पुढे दहादा सांगितलं. टेस्टरच्या बायकोने मान डोलावली आणि त्यातला एक शब्द आत जाऊ दिला नाही. तीस वर्षं ती ते आठ दिवस मोजत आली. भाजी निवडतानाही तिचे ओठ हलायचे आणि टेस्टरला कळायचं, सोमवार झाला, आता मंगळवार चाललाय. त्या आठ दिवसांबद्दल तो एकदाही बोलला नव्हता. बोलून काय करणार होता?

एका सकाळी सून कामावर गेल्यावर तो ते यंत्र घेऊन रिकाम्या खोलीत शिरला. उगाच, गंमत म्हणून. खिडकीशी आकडा शून्याच्या आसपास. दाराशी तसाच. भिंगरीच्या जुन्या पलंगाच्या बाजूच्या भिंतीजवळ गेला तेव्हा आकडा चढायला लागला. दहा, वीस, चाळीस. त्या भिंतीत ना प्लग होता ना बटण. नुसती कोरी भिंत, आणि यंत्र तिच्यापुढे ओरडत होतं.

वरच्या मजल्यावर मुलगा अंघोळ करत होता. त्याने गिझर बंद केला आणि आकडा धपकन खाली आला.

टेस्टर पलंगावर बसला. त्याला सगळं आठवलं. वीज तारेतून जाते आणि दुसऱ्या तारेतून परत येते. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. दोन्ही तारा शेजारी शेजारी असल्या की एकीचं क्षेत्र दुसरीचं क्षेत्र मारून टाकतं, बाहेर काही उरत नाही. पण भिंगरी तान्ही असताना वरच्या गिझरला तार ओढली, तेव्हा त्याच्याकडची वायर संपली होती. मग जाणारी तार त्याने या भिंतीतून वर नेली, आणि परतीची तार जिन्यातल्या दिव्याच्या लाइनवरून उसनी घेतली. दोन तारांमध्ये अख्खी खोली आली. धंद्यातली ही चोरवाट त्याला चांगली अवगत होती. वायर वाचते, दिवे लागतात, कोणाला पत्ता लागत नाही. बरं, असं त्याने आणखी कितीतरी घरांत केलं होतं, आणि तिथली पोरं धडधाकट वाढलेली तो रोज रस्त्यात बघत होता. हे स्वतःला सांगितल्यावर त्याला जरा श्वास घेता आला. या आकड्याने काही सिद्ध होत नाही, हे त्याला कळत होतं. कळत असूनही हात थांबेनात. भिंगरीची उशी जिथे असे तिथे तो यंत्र धरून बसला. वर कोणीतरी पुन्हा गिझर लावला.

दोन दिवस भिंत खोदून, दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून, त्याने नवी न्यूट्रल तार जुन्या तारेच्या शेजारून नेली. आकडा एकच्या खाली आला.

"कशासाठी फोडली भिंत?" बायकोने विचारलं. ती दारात उभी होती, हातात झाडू. तिचे ओठ हलत होते.

टेस्टरने सगळं सांगितलं. उसनी तार, उशीची जागा, आकडा.

तिने झाडू भिंतीला टेकवला. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या त्या आठ दिवसांमुळे नाही?"

इथे तो खरं बोलू शकला असता. आठ दिवसांमुळेही नाही आणि तारेमुळे असेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही, असं. पण त्या खऱ्याचा तिला तीस वर्षांत उपयोग झाला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "तारेमुळे. माझ्यामुळे."

"किती वायर वाचली होती?"

"बारा-पंधरा मीटर."

तिने मान हलवली आणि जमिनीवर पडलेली माती झाडायला घेतली.

त्यानंतर तिचे ओठ हलायचे थांबले. दुपारी ती गाढ झोपू लागली, चेहरा भरला. "आईंना हल्ली किती बरं वाटतंय," सून म्हणाली. फक्त टेस्टरचा चहा ती आता त्याच्या हातात देत नसे, टेबलावर ठेवून जात असे. त्याने ते पत्करलं होतं. असं होणार हे ठरवूनच तर तो बोलला होता. पण रिकाम्या खोलीवरून जाताना त्याची पावलं अडखळू लागली, आणि खोटं म्हणून उच्चारलेलं वाक्य त्याला दिवसेंदिवस खरं वाटू लागलं.

बाळ घरी आलं. नात झाली होती. बघायला मागच्या गल्लीतल्या शिंपिणीची मोठी मुलगी आली, स्वतःचं पोर कडेवर घेऊन. बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, तुमची चोरी पकडली आम्ही," पाहुणी हसत म्हणाली. "परवा भिंत फोडली तर नवा वायरमन सांगतो, न्यूट्रल उसना घेतलाय. त्याच भिंतीला डोकं लावून आम्ही चौघी बहिणी लहानाच्या मोठ्या झालो. बघा, आहोत की घोड्यासारख्या."

बायकोने वर पाहिलं. सगळे हसत होते. तिचे ओठ अगदी किंचित हलले.

टेस्टरच्या तोंडापर्यंत आलं होतं. त्या चौघी बहिणी त्याच्या बाजूच्या साक्षीदार होत्या, न बोलावता घरी चालून आलेल्या. नुसतं हो म्हणायचं होतं.

"तुमच्याकडचं वेगळं होतं," तो म्हणाला. "तुमच्याकडे फक्त दिव्याची लाइन होती. दिव्याने काही होत नाही. इथे गिझर होता."

"आमच्याकडे पण गिझरच..."

"नव्हता," टेस्टर म्हणाला. "वायरिंग मी केलंय. मला माहीत आहे."

शिंपिणीच्या मुलीने गोंधळून पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. वायरिंगमधलं तिला काही कळत नव्हतं, पण नवरा खोटं कधी बोलतो हे इतक्या वर्षांत नक्कीच कळलं होतं. तिने बाळाचं दुपटं सारखं केलं.

"वेगळंच होतं त्यांच्याकडे," ती पाहुणीला म्हणाली. "आमच्याकडे ह्यांनीच चूक केली."