अंगठा थकेपर्यंतचं पान

कबूलच करते. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ते मी मुलीला फोनवर सांगितलं नाही. माझ्या वेबपेजवर लिहिलं. तेही अगदी तळाशी, कोलंबीच्या खिचडीच्या खाली. आणि ती वाचून धावत येईल म्हणून जोगेश्वरीतल्या घरात बेलकडे कान लावून बसले. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची. त्या कोवळ्या वयात अक्कल कुठून असणार?

ते पान मुलीनेच करून दिलेलं. ती परदेशात, ह्यांना जाऊन वर्ष झालेलं, घरात आवाज करणारे दोघेच, मी आणि कुकर. आठवणी लिही, पदार्थ लिही, मी इकडे वाचत जाईन, असं तिचं म्हणणं. मी एका बोटाने टाइप करायला शिकले. नवीन पान कसं उघडायचं तेही तिने दाखवलं होतं, पण मला ती उधळपट्टी वाटली. आधीचं पान भरलंय कुठे? ते भरतच नव्हतं. लिहावं तसं लांबत जायचं. मी खूश.

आता, महत्त्वाचं तळाशी का लिहिलं, तर हात तसा वळलेला. लग्नाआधी चाळीत मी शेजारणींची गावाकडची पत्रं लिहून द्यायची. निळं आंतर्देशीय, जागा एवढीशी. बाई आधी सगळ्यांची खुशाली विचारणार, मग गाय व्याली का, मग छपराचं काय झालं. मनातलं दुखणं अगदी शेवटी बाहेर पडायचं, तेव्हा फक्त चिकटवायची घडी उरलेली. तिथे मी बारीक अक्षरात लिहायची, ‘पोर आजारी आहे, कोणाला तरी पाठवा.’ गावात पत्र वाचणारा आधी ती घडीच बघायचा. ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

मुलगी वाचणार फोनवर, आणि त्यातल्या पानाला तशी घडी नसते, हे या शहाणीला कळायला नको?

मुलगी एकदा चाचरत म्हणालीही होती, की आई, लहान लहान पानं कर ना, डबा खाता खाता वाचते मी, अंगठा थकतो गं. मला राग आला. आईचं वाचायला हिचा अंगठा थकतो. त्या आठवड्यात मुद्दाम माशांच्या आमटीतल्या तिरफळांवरच दोन वीत लिहिलं.

ऑपरेशनला खालच्या मजल्यावरच्या बाई सोबत आल्या. नर्सने मला विचारलं, ह्या बहीण का? मी हो म्हटलं. सोपं पडलं. संध्याकाळी त्या मऊभात ठेवून गेल्या, आणि मी एका डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत बसले. दिवा लावायलाही उठले नाही.

रविवारी मुलीचा फोन आला. कशी आहेस? बरी आहे. इतकी ताठ मी. नवीन काही लिहिलं नाहीस का, तिने विचारलं. मी म्हटलं, आधीचं संपव, आणि फोन ठेवला.

तासाभराने तिचा पुन्हा फोन. खिचडीच्या खालचं वाचून ती रडत होती. नंतर पट्टी निघाल्यावर मी स्वतः ते पान वरून खाली ओढून पाहिलं. खिचडीपर्यंत पोचेतो माझाच अंगठा भरून आला, आणि मला तर ठाऊक होतं खाली काय आहे ते.

हल्ली माझं पान तीन-चार वेळा बोट फिरवलं की संपतं. एका पानात एकच गोष्ट, आणि सांगायचं ते पहिल्या ओळीत. मुलीला अजून यायला जमलेलं नाही. सुट्टी मिळत नाही, मिळाली तर तिकीट मिळत नाही. पण त्या रविवारी, रडू आवरल्यावर, ती एवढंच म्हणाली:

“आई, पुढच्या वेळी फक्त ‘ये’ एवढंच लिही. बाकीचं तू मला समोर बसवून सांग.”