दुसऱ्या पंचमीचे चोवीस अंश

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत एक तक्ता अजून टांगलेला आहे. ‘कोल्हापूरचा उन्हाळा’ असं वर लिहिलंय आणि खाली काही वर्षांच्या मार्च, एप्रिल, मे या महिन्यांतल्या रोजच्या दुपारचं तापमान. अक्षर माझं आहे. त्यातला सत्तरच्या दशकातला एक मे महिना खोटा आहे, आणि तो खोटा मी केला. हे लिहून टाकायला मला ऐंशी ओलांडावी लागली.

मी तेव्हा त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. घराच्या गच्चीवर हवामानाची पेटी बसवली होती. शिरोलीच्या कारखान्यात यंत्रांची लाकडी खोकी यायची, त्यांच्या फळ्या आणून सुताराकडून चारही बाजूंना झडपा असलेली पेटी करून घेतली, पांढरा रंग दिला आणि आत तापमापक लटकवला. शेजारच्या पोरांनी उघडू नये म्हणून एक लहानसं कुलूप. रोज दुपारी अडीचला नोंद. शाळेच्या दिवसांत सायकल दामटत घरी यायचो, पेटी उघडायचो आणि परत जायचो. गल्लीत मला ‘डिग्रीवालं मास्तर’ म्हणायचे.

त्या वर्षी मे महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला तीन आठवडे पुण्याला जावं लागलं. नोंदी आबांवर सोपवल्या. आबा, म्हणजे माझे वडील, नगरपालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना पेटीची दुसरी किल्ली दिली, पारा कसा वाचायचा ते दाखवलं.

“डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेवायचा, आबा. खालनं बघायचं नाही.”

“व्हय रे. सह्या बघून बघून डोळं गेलेत, पारा दिसतोय अजून.”

मी परत आलो तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. नोंदी होत्या, पण तारखा नव्हत्या. आबांनी तिथी लिहिल्या होत्या. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. आबांचा दिवस पंचांगानं उजाडायचा. तारीख फक्त कचेरीपुरती, आणि कचेरी सुटली होती. तारीख लिहायची, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मला हसू आलं आणि रागही. पंचांगाकडे बघायचं नाही असा माझा तेव्हा बाणा होता. मी सरळ गेलो त्या तारखेपासून सुरुवात केली आणि एका तिथीला एक तारीख देत खाली उतरत गेलो. मध्येच पंचमी दोनदा लिहिलेली. एकीसमोर अडतीस, दुसरीसमोर चोवीस. शेवटी पोचलो तर एक तारीख कोरी राहिलेली.

“आई, आबा झोपेत लिहीत होते काय गं? एका पंचमीला दोन आकडे.”

आई चुलीपाशी होती. “त्यांचं ते जाणं. गारा पडल्यात की पंचमीला. मी स्वतः वेचल्यात परातीत.”

“पंचमीला अडतीस डिग्री होतं, आई. अडतीसात गारा?”

“पडल्यात म्हंते न्हवं! डिग्री तू बघ, गारा मी बघितल्यात.”

मी गल्लीत कोणालाही विचारू शकलो असतो. विचारलं नाही. चोवीस हा आकडा खोडला, कोऱ्या तारखेसमोर आदल्या दिवसाचा आकडा लिहिला आणि तक्ता पुरा केला. आबांचा कागद बंबात गेला.

जूनमध्ये शाळेतले दोघे-तिघे शिक्षक घरी आले होते. आबा शेजारीच बसले होते. तक्त्याचं बोलणं निघालं तसा मी म्हणालो, “पुण्याला गेलो तेव्हा आबांचं हवामान खातं होतं. एक दिवस दोनदा आणि एक दिवस गायब!” सगळे हसले. आबाही हसले. पाव्हणे गेल्यावर त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“घे बाबा तुझी किल्ली. आम्हांला काय जमंना.”

त्यानंतर ते त्या गच्चीवर कधी चढले नाहीत. आईनं पापड वाळत घातलेले असले आणि आभाळ आलं, तरी आईच धावायची.

तीनेक वर्षांनी एका सकाळी बायकोनं आईला विचारलं, “सासूबाई, उपास आज का उद्या? काल पण तुम्ही एकादशी म्हणत होता.”

“काल बी एकादशी, आज बी एकादशी. दोन दिवस आलीया.”

“एकच तिथी दोन दिवस?”

“मग? तिथी दोनदा आली म्हंजे दिवस काय एकच हुतोय व्हय?”

मी दाढी करत होतो. हात थांबला. पंचमी दोन दिवस आली होती. पहिलीला अडतीस, दुसरीला गारा आणि चोवीस. दोन दिवसांची मी एक तारीख केली, म्हणून पुढची प्रत्येक नोंद एक दिवस मागे सरकली आणि शेवटची तारीख कोरी राहिली. आबांच्या दोन चुका म्हणून मी ज्या सांगत फिरलो, ती माझी एकच चूक होती.

आबा बाहेर आरामखुर्चीत बसले होते. चार पावलं चालून जायचं होतं. मी गेलो नाही. तक्ता तोवर शाळेत लागला होता, तपासणीला आलेल्या साहेबांनी वाखाणला होता. आबा पुढे सहा-सात वर्षं होते. मी गच्चीवरून उतरलो की रोज विचारायचे, “आज किती?” मी आकडा सांगायचो. “छत्तीस.” “हं,” म्हणायचे. रोज दुपारी तेवढं एक दार उघडं असायचं आणि मी त्यातून फक्त आकडा आत टाकायचो.

सगळं सांगायचं तर आबा अचूक होते असंही नाही. ते अर्धे अंश सोडून द्यायचे, पूर्ण आकडाच लिहायचे. एक-दोनदा जेवण लांबलं म्हणून तीन वाजले असणार. तेही मी इथे नोंदवतो. पण एकही दिवस त्यांनी चुकवला नाही आणि एकही आकडा मनानं घातला नाही. मनानं घातलेला आकडा माझा.

गेल्या महिन्यात परवानगी काढून शाळेत गेलो. शिपायानं स्टूल धरलं. त्या महिन्यावर मी घरून लिहून नेलेली पट्टी चिकटवली. पंचमीनंतरचे आकडे एकेक दिवस पुढे सरकवले, म्हणजे शेवटची तारीख आपोआप भरली, माझा आकडा गळाला. मोकळ्या झालेल्या जागी चोवीस लिहिले. त्या आकड्यासाठी मला कोणताही कागद लागला नाही. समोर लिहिलं, ‘गारा’. खाली लिहिलं, ‘या तीन आठवड्यांचे निरीक्षक माझे वडील. आधीच्या नोंदीतली चूक माझी.’ आणि सही केली.

“सर, आता कोण बघतंय हे?” शिपाई म्हणाला.

“मी बघतोय की,” म्हटलं. “स्टूल नीट धर. पट्टीचा एक कोपरा अजून सुटलाय.”