पाण्याखालचं ‘चाललंय’

मला पोहता येतं, समुद्राला मी घाबरत नाही, असं आयुष्यभर मिरवत आले. इथे आखातात, फुजैराच्या समुद्रात बोटीवर पाठीला सिलिंडर बांधला आणि मी कठडा घट्ट धरला. डायव्हिंगचा हट्ट माझ्या सोळा वर्षांच्या लेकीचा. शाळा बदलल्यापासून ही पोरगी अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसायची. ती स्वतःहून काही मागतेय म्हटल्यावर मी कशी नाही म्हणणार?

इजिप्शियन इन्स्ट्रक्टरने खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. तळवा आडवा धरून हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग "यल्ला, मॅडम!" म्हणत त्याने आम्हा दोघींना पाण्यात उतरवलं.

रंगीत मासे दिसतील, म्हणाली होती लेक. मेले ते मासे! खाली कानांना दडे बसतात, नाक बंद, आणि आपलाच श्वास कुकरसारखा फुसफुसतो. पुढचा येईल ना, एवढंच डोक्यात. पाच-सहा मीटरवर माझ्या सिलिंडरचा पट्टा सैल झाला. तो आवळायला इन्स्ट्रक्टर माझ्या पाठीमागे गेला. समोर लेक होती. मी वर्तुळ करून विचारलं, ठीक? तिने तळवा हलवला.

आमच्या घरात तळवा हलवला की ‘चाललंय’. दृष्ट लागेल म्हणून ‘मस्त आहे’ असं आम्ही कुणी म्हणतच नाही. मी खुशाल वर्तुळ दाखवलं. तिने पुन्हा हलवला, जोरात. मी पुन्हा वर्तुळ! मग दिसलं, तिच्या मास्कमध्ये डोळ्यांपर्यंत पाणी. अगं बाई! ओरडावं तर तोंडात नळी. पाय मारले, हात लांबवला, पोचेचना. तेवढ्यात इन्स्ट्रक्टरने पुढे होऊन तिला धरलं आणि आम्हाला हळूहळू वर आणलं.

बोटीवर ती खोकत, रडत म्हणाली, "आई, आय टोल्ड यू ट्वाइस!" मी तिला घट्ट धरलं.

परतताना गाडी मीच चालवत होते. मी नेहमीसारखं विचारलं, "नवीन शाळेत कसं चाललंय गं?"

खिडकीबाहेर बघत तिने तळवा हलवला.

रोज अस्साच हलवायची. आणि मी "बरं" म्हणून कणीक मळायला लागायचे.

पहिला पेट्रोल पंप दिसला तिथे मी गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि तो हात हातात धरला.

"सांग," मी म्हटलं, "काय बिघडलंय?"